ठोकलेली गाडी दान करा आणि टॅक्स वाचवा म्हणणाऱ्या सेवा : बेळगावातून सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो मग बाकीचं, कारण गडबडीत असलेल्या माणसाला एवढं जरी कळलं तरी त्याचं काम होईल. आपल्याकडे भारतात मोडकी गाडी ट्रस्टला दिली म्हणून इन्कम टॅक्समध्ये एक रुपयाची सूट मिळत नाही. कुणी कितीही छापील पावती दाखवू दे, मिळत नाही. गाडी सरकारमान्य स्क्रॅप सेंटरला द्यायची, पैसे स्वतःच्या खात्यावर घ्यायचे, आणि मग त्यातले हवे तेवढे ट्रस्टला बँकेतून पाठवायचे, हा सरळ रस्ता. आम्ही तोच धरला. त्यात तिघांशी संबंध आला, एक गाडी दान घेणारा एजंट, एक खानापूर तालुक्यातला वृद्धाश्रम आणि एक स्क्रॅप सेंटर, तिघांबद्दल लिहितोय, नावं मुद्दाम टाकत नाही कारण असे एजंट नावं बदलून येतात, काय विचारायचं ते माहिती असलं की कुणाहीसमोर उपयोगी पडतं.

गाडी माझ्या काकांची. व्हॅगन-आर, केए-२२, पंधरा वर्षं भरायला थोडेच महिने राहिलेले. पावसाळ्यात गोव्याहून येताना चोर्ला घाटात वळणावर घसरून कठड्यावर गेली, देवाच्या कृपेनं माणसं सुखरूप, पण डावी बाजू पूर्ण आत, रेडिएटर फुटला आणि चासी वाकली. उद्यमबागच्या मेस्त्रीनं बघून सांगितलं की काका यात पैसे घालू नका, जेवढा खर्च सांगतोय तेवढ्यात अशीच दुसरी जुनी गाडी येईल. त्यात पंधरा वर्षं झाली की कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायलाच एप्रिल २०२२ पासून पाच हजार फी आहे, आधी सहाशे होती. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं काहीच नाही.

इथं एक थांबून सांगतो. ज्यांचा फुल इन्शुरन्स आहे त्यांनी दान, स्क्रॅप कसलाच विचार करायच्या आधी क्लेम टाकायचा. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते आणि मग मोडक्या गाडीचं काय करायचं हे त्या सेटलमेंटमध्येच ठरतं. आधीच गाडी कुणाला देऊन बसलात तर सर्व्हेअर बघणार काय?

तर काकांची गाडी मेस्त्रीच्या मागच्या जागेत पडून होती आणि काकांचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्यानं फोनवर सांगितलं की पप्पा इकडं लोक बिघडलेली गाडी सुद्धा चॅरिटीला देतात, ते येऊन फुकट उचलून नेतात आणि टॅक्समध्ये सूट मिळते. काकांना हे फार पटलं. त्यांना गाडी गुजरीत म्हणजे भंगारवाल्याकडं घालायचीच नव्हती, त्या गाडीतून काकूला केमोसाठी नेआण केली होती त्यांनी, त्यामुळं कुणाच्या तरी कामाला यावी ही इच्छा खरी होती. मला म्हणाले, "तू फौंड्रीत हिशेब बघतोस न्हवं, जरा चौकशी कर, आपल्याकडं बी असंल की असलं काय तरी."

भावाचं खोटं नाही, अमेरिकेत हे खरंच चालतं. पण तिथलं पण लोक सांगतात तितकं सोपं नाही. आधी तिथं गाडीची बाजारभावाची किंमत लावून लोक सूट घ्यायचे आणि प्रत्यक्षात चॅरिटीच्या हातात त्यातला किरकोळ भाग पडायचा, म्हणून २००४ मध्ये कायदा बदलला आणि २००५ पासून नियम असा की ५०० डॉलरच्या वर सूट मागायची असेल तर चॅरिटीनं ती गाडी जेवढ्याला विकली तेवढीच सूट. त्याचा फॉर्म असतो, १०९८-सी, तो चॅरिटी विकल्यापासून तीस दिवसांत देते, त्यावर विक्रीची रक्कम लिहिलेली असते. चॅरिटीनं गाडी स्वतःच्या कामाला खरंच वापरली, किंवा मोठी दुरुस्ती करून घेतली, किंवा गरजू माणसाला फुकट अथवा अगदी स्वस्तात दिली, तरच बाजारभाव धरता येतो. आणि हे सगळं जो तिथं खर्च एकेक मांडून रिटर्न भरतो त्यालाच, सरसकट ठरलेली वजावट घेणाऱ्याला या गाडीचा फायदा नाही. म्हणजे ठोकलेल्या गाडीचं तिथं पण शेवटी भंगाराच्या लिलावाइतकंच होतं. हे सगळं काकांना समजावलं तर म्हणाले, बरं तेवढं तर तेवढं, पण आपल्याकडं बघ.

आपल्याकडं बघायला गेलो तर फोनवर लगेच जाहिरात आली. जुनी, बंद, ॲक्सिडेंटची कसली पण गाडी दान करा, फ्री पिकअप, ८०जी पावती. नंबर लावला, बोलणारा माणूस हिंदीत, एकदम गोड. बेळगाव म्हटल्यावर म्हणाला हुबळी-धारवाड साइडला आमची गाडी येतच असते, उद्या पण उचलू. पावती कितीची देणार विचारलं तर म्हणे सर तुम्ही सांगाल ती, पंच्याहत्तर हजारापर्यंत करू. जी गाडी भंगारात वीस-पंचवीस हजाराला जाते तिची पंच्याहत्तरची पावती! कागद काय लागतील तर ओरिजिनल आरसी, चावी, आधारची झेरॉक्स आणि फॉर्म २९ व ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, नुसत्या सह्या, बाकी आम्ही भरू.

यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही नीट समजून घ्या, कारण जाहिरात बघून फोन करणारे आपल्या भागात पण भरपूर आहेत.

पहिली टॅक्सची. ८०जी म्हणजे १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं दानावर वजावट देणारं कलम, त्यात स्पष्ट लिहिलंय की दान पैशाच्या रूपात असेल तरच वजावट. वस्तू चालत नाही. धान्य, कपडे, औषधं, गाडी, काहीच नाही. नवीकोरी गाडी दिली तरी नाही मग ठोकलेली कुठून चालणार. पैशात पण रोख दोन हजाराच्या वर दिलं तर वजावट नाही, चेक किंवा ऑनलाइन पाहिजे. आणि आता नुसती पावती पुरत नाही, ट्रस्टला वर्ष संपल्यावर डिपार्टमेंटकडं तुमच्या पॅनसकट माहिती भरावी लागते आणि मग तुम्हाला फॉर्म १०बीई चं सर्टिफिकेट देतात, तो नंबर रिटर्नशी जुळतो. म्हणजे गाडीच्या बदल्यात पैसे मिळाल्याची खोटी पावती लावली तर ती न दिलेल्या पैशाची पावती झाली. पकडलं तर चुकीची माहिती दिली म्हणून वाचवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंडाची तरतूद आहे, त्याच कायद्याचं कलम २७०ए. मी त्याला एवढंच विचारलं की ट्रस्टचा पॅन आणि ८०जी रजिस्ट्रेशन नंबर पाठवा, आणि १०बीई कितीचा देणार ते लेखी द्या. "सर सगळे असंच करतात" म्हणाला आणि परत फोन उचलला नाही.

दुसरी गोष्ट मला टॅक्सपेक्षा जास्त भीतीची वाटते, ती कोऱ्या सह्यांची. फॉर्म २९-३० वर सही करून दिली म्हणजे गाडी आपल्या नावावरून गेली असं खूप लोक धरून चालतात. जात नाही. समोरच्यानं आरटीओत जाऊन नाव चढवेपर्यंत मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं अशी बऱ्याच हातांनी विकत गेली होती पण आरसीवर नाव पहिल्याचंच, आणि अपघात झाल्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावरच आली. आता विचार करा, काकांची गाडी उचलून नेली, कुठल्या तरी गॅरेजात पत्रा सरळ करून रस्त्यावर आणली, इन्शुरन्स नाही, आणि कुणाला धडकली. समन्स टिळकवाडीत काकांच्या दारात येणार, वयाच्या सत्तरीत. दान करणाऱ्या माणसाच्या चांगुलपणाचा असा फायदा घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

या सेवेला माझ्याकडून शून्य.

आता आश्रमाबद्दल, आणि हे लिहायला मला बरं वाटतंय. काका तिथं दरवर्षी तांदूळ आणि औषधाचे पैसे देतात, म्हणून त्यांना वाटलं थेट तिथंच गाडी देऊ, ते विकतील नाहीतर वापरतील. गेलो. तिथं काम बघणाऱ्या ताई आहेत, त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाल्या, "काका, गाडी नको ओ आम्हाला. चालणारी असती तर आज्ज्यांना दवाखान्यात न्यायला झाली असती, ही कुठं ठेवू?" मग मागच्या अंगणात नेऊन दाखवलं, कुणीतरी आधी अशीच एक बंद ओम्नी दान करून गेलेलं, टायर जमिनीत रुतलेले, आत गवत, आणि आरसी अजून देणाऱ्याच्याच नावावर, तो माणूस बाहेरगावी गेलेला. विकायची तर सही नाही, ठेवायची तर जागा अडते, आणि साप निघतात म्हणून म्हातारी माणसं त्या बाजूला जात नाहीत. मला हे बघून फार लागलं, म्हणजे आपण देऊन मोकळे होतो आणि घेणाऱ्याला ते निस्तरत बसावं लागतं.

ताईंनीच सांगितलं की गाडी तुम्हीच रीतसर मोडीत काढा आणि जे येईल त्यातलं जमेल तेवढं खात्यावर पाठवा, पॅन द्या, सर्टिफिकेट मे महिन्याच्या शेवटापर्यंत देतो. ८०जी चा कागद न मागता पुढं ठेवला, त्याची मुदत कुठपर्यंत आहे ते पण बोट ठेवून दाखवलं. पैशाचं दान घेणारी संस्था अशी पाहिजे. नुसती पावती फाडून देणाऱ्यापेक्षा नको असलेली वस्तू नको म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

मध्ये एक आयटीआयचा पण विषय निघाला. शेजारचे सर म्हणाले इंजिन पोरांना शिकायला होईल. कल्पना चांगली आहे, मोटर मेकॅनिकच्या पोरांना खरं इंजिन खोलायला मिळणं मोठी गोष्ट, पण त्यासाठी आधी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली आरटीओत आरसी जमा करून गाडी कायमची बाद झाली म्हणून रजिस्ट्रेशन रद्द करायचं आणि मग संस्थेच्या लेटरहेडवर पोच घेऊन द्यायची. ज्यांना टॅक्सचं काही नकोय आणि आरटीओत हेलपाटे घालायची तयारी आहे त्यांनी जरूर करावं. इंजिन तेवढं काढून देतो आणि सांगाडा स्क्रॅपला घालतो म्हणाल तर सेंटरवाले भाव पाडतात, काही ठिकाणी घेतच नाहीत, आमचं तिथंच थांबलं.

आणि गुजरी. खरं ते सांगायला पाहिजे, गुजरीवाल्यानं सेंटरपेक्षा जास्त रक्कम सांगितली होती, तीही रोख, जागेवर. माझा त्या लोकांवर काही राग नाही, उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांत जे भंगार वितळतं ते याच लोकांच्या कष्टानं येतं, मी रोज बघतो. पण पत्रा वेगळा आणि नंबर असलेली गाडी वेगळी. तिथं गाडी कापली तरी आरटीओच्या 'वाहन' या ऑनलाइन रेकॉर्डला ती जिवंतच राहते, चासी नंबरचा तुकडा आणि नंबर प्लेट कुठं जाईल सांगता येत नाही, चोरीच्या गाडीला असलेच नंबर लावतात. शिवाय इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरीचं ॲसिड सगळं जमिनीत नाहीतर नाल्यात.

तर शेवटी स्क्रॅप सेंटर. सप्टेंबर २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ही नोंदणी असलेली सेंटरं सुरू झाली, यादी परिवहन मंत्रालयाच्या व्हीस्क्रॅप पोर्टलवर मिळते, तिथूनच अर्ज पण होतो. आपल्या सीमाभागातल्या लोकांना सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे गाडी कुठल्या राज्याची हे आडवं येत नाही, देशातल्या कुठल्याही नोंदणीकृत सेंटरला देता येते. केए ची गाडी महाराष्ट्रात चालते, निपाणीत कुणाकडं एमएच-०९ पडून असेल तर ती इकडं चालते. आमची कोगनोळीची हद्द ओलांडून पलीकडं महाराष्ट्रात गेली.

कागद लागले ते ओरिजिनल आरसी, आधार, पॅन, कॅन्सल चेक. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्या, कर्ज फिटून वर्षं झाली तरी आरसीवर बोजा तसाच असतो बऱ्याच जणांचा, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जावं लागतं. सेंटरवाले वाहनवर गाडीचं रेकॉर्ड तपासतात, चोरीची आहे का, ब्लॅकलिस्ट आहे का, ते पण पोलिसांच्या रेकॉर्डशी बघतात. आमच्यात काही नव्हतं.

उचलायला आलेला ड्रायव्हर चांगला होता, विजापूरकडचा, कानडीत काकांशी गप्पा मारत त्यानं गाडी चढवली, काकांनी गणपतीची मूर्ती डॅशबोर्डवरून काढून घेतली तर तोपर्यंत शांत उभा राहिला. सेंटरवर आमच्या समोर आधी पेट्रोल, ऑइल, ब्रेक ऑइल काढलं, एसीचा गॅस मशीनवर काढून घेतला, बॅटरी वेगळी केली, मग चासी नंबरचा तुकडा कापून लेबल लावून ठेवला. हे बघून माझी तरी खात्री पटली की ही गाडी परत रस्त्यावर येणार नाही.

तक्रारी पण आहेत. फोनवर पिकअप फ्री म्हणाले आणि पेमेंटच्या वेळी टोइंगचे पैसे कापले, विचारल्यावर म्हणे ठरावीक किलोमीटरच्या पुढं चार्ज आहे. हे आधी सांगायला काय जातं? रेट पण आधी तोंडी वेगळा आणि वजन झाल्यावर वेगळा, टायर आणि बॅटरीची घट धरली म्हणाले. म्हणून ज्यांना करायचंय त्यांनी रेट, टोइंग, घट, जीएसटी सगळं धरून हातात किती येणार हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मगच गाडी चढवू द्या. पैसे मात्र खात्यावर आले, २४ हजार, रोख द्यायचा विषयच काढला नाही. सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी मोडीत दिल्याचं सर्टिफिकेट, गाडी दिल्यावर लगेच मिळायला पाहिजे ते मागं लागून मिळालं, ऑफिसातल्या पोरीला रोज फोन करावा लागला.

ते सर्टिफिकेट मात्र जपून ठेवण्यासारखं आहे. त्यावर नवीन गाडी घेताना रजिस्ट्रेशन फी माफ, आणि खासगी गाडीला रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्रानं केलीय, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं, म्हणून गाडी बुक करायच्या आधी आपल्या आरटीओत विचारा. काही कंपन्या वर सूट देतात. कर्नाटकात रोड टॅक्स किती जड आहे ते इथं गाडी घेतलेल्या प्रत्येकाला माहिती आहे, त्यामुळं दानाच्या टॅक्सपेक्षा हा फायदा कितीतरी मोठा ठरू शकतो. स्वतः गाडी घ्यायची नसेल तर ते सर्टिफिकेट ऑनलाइन दुसऱ्याच्या नावावर करता पण येतं.

आता हिशेब. काकांना पेन्शन आणि गाळ्याचं भाडं आहे, रिटर्न जुन्या पद्धतीनं भरतात, २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये येतात. २४ हजार पूर्ण आश्रमाला ऑनलाइन पाठवले. त्या ट्रस्टला ५० टक्केवालं ८०जी आहे, म्हणजे वजावट १२ हजार, त्यावर २० टक्के २४०० आणि ४ टक्के सेस ९६, असे २४९६ रुपये वाचले. झालं. जे नवीन टॅक्स पद्धतीत आहेत, आणि आता न सांगता सगळे त्यातच धरले जातात, त्यांना ८०जी मिळतच नाही, त्यांचं वाचणार शून्य. गाडी विकून आलेल्या पैशावर मात्र टॅक्स नाही, स्वतःच्या वापराची गाडी होती, धंद्यात दाखवलेली असेल तर वेगळं, ते सीएला विचारा.

काकांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "अडीच हजारासाठी मी हे केलं न्हाई रे." आणि खरंच, ज्याला फक्त टॅक्स वाचवायचाय त्यानं या वाटेला येऊच नये. ज्याला गाडीचा शेवट चांगल्या कामात व्हावा असं वाटतं त्याच्यासाठी हा रस्ता आहे. आश्रमाला त्या पैशातून जुनी पाण्याची मोटर बदलता आली, विहिरीवरची, ती गाडी अंगणात उभी करून झालं नसतं.

माझ्याकडून आश्रमाला पाचपैकी पाच, स्क्रॅप सेंटरला साडेतीन, टोइंगचं आधी सांगितलं असतं तर साडेचार दिले असते. एजंटचं वर लिहिलंच आहे. गाडी दिल्यावर फास्टॅग बंद करायला विसरू नका, आणि आरसी नंबर टाकून वाहनवर स्टेटस स्वतः तपासा, तिथं गाडी बाद झालेली दिसल्यावरच सेंटरला फोन करणं बंद करा. कुणाला बोजा उतरवायच्या फॉर्मबद्दल किंवा १०बीई बद्दल काही अडलं तर खाली विचारा, मला जेवढं माहिती आहे तेवढं सांगतो.